पस्तीस मैलांचा नादकाटा

पत्रकारांच्या खोलीत फ्रिजवर बुटांची दोन खोकी होती. बाहेरगावच्या वार्ताहरांनी अकरा हंगामांत आमच्या संघाविषयी जे जे लिहिलं, त्याची कात्रणं मर्लकाका त्यांत टाकत आले होते. एकूण एक्केचाळीस लेख. जूनमध्ये पावसानं एक सामना पावणेदोन तास अडला, तेव्हा मी ते सगळे वाचून काढले आणि धावपत्रकाच्या वहीत मागच्या पानावर मोजणी लिहून ठेवली. जुनाट बस: अडतीस लेखांत. पीनट बटर लावलेला पाव: एकोणतीस. तुटपुंजा पगार: एक्केचाळीस. ‘स्वप्न’ हा शब्द एकशे सतरा वेळा, आणि त्यांतली एक्कावन्न स्वप्नं भंगलेली किंवा शेवटची. दूरवर वाजणारी आगगाडीची शिट्टी: चौदा. आमच्या गावातले रूळ १९८७ साली उखडून नेले. सामना कोण जिंकलं हे सांगणारे लेख: सहा. त्यांपैकी दोन चूक.

मर्लकाकांना मी ती यादी वाचून दाखवली. ते रेडिओवर आमच्या सामन्यांचं वर्णन करतात, वार्ताहरांना गाव दाखवतात आणि गरज पडली तर बसमध्ये सामानही चढवतात.

“शिट्टी चौदा वेळा?” ते म्हणाले. “मी तीस वर्षांत एकदाही ऐकली नाही. कान दाखवून यायला हवेत.”

“काका, हे सगळे एकच लेख लिहितात.”

“मग? लग्नपत्रिकासुद्धा सगळ्या एकच असतात. नावं तेवढी बघायची.”

आमचा संघ फेरीमेन. स्टॅडलर्स बेंड हे इंडियानातलं नदीकाठचं गाव, आणि आमची बेसबॉलची लीग स्वतंत्र, म्हणजे कुठल्याच मोठ्या संघाच्या पंखाखाली नसलेली. मोठ्या संघांनी सोडून दिलेले किंवा कधीच न घेतलेले खेळाडू इथं खेळतात. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मे महिन्यात घरी परतले आणि उन्हाळ्यापुरती इथं कामाला लागले. प्रत्येक फेकीची नोंद करायची, मागच्या जाळीजवळची स्पीडगन सांभाळायची आणि वेग फलकावर दिसतोय ना ते बघायचं. खेळाडू मला प्रोफेसर म्हणतात. सुरुवातीला चिडवायला म्हणत असत, आता सवयीनं म्हणतात.

जुलैत न्यूयॉर्कच्या एका मोठ्या मासिकाचा लेखक आला, ज्युलियन प्रेस्कॉट. माणूस सज्जन होता. चार दिवस राहिला, सगळ्यांशी अदबीनं बोलला, एका खेळाडूला घरी ठेवून घेतलेल्या विल्माबाईंकडे दोनदा जेवला आणि दुसऱ्यांदा भांडीही घासू लागला. पण मी त्याच्यावर नजर ठेवून होते. बसमध्ये बसल्यावर त्यानं वहीत पहिलं काही लिहिलं ते एका खिडकीकडे बघून. त्या खिडकीला चिकटपट्टी लावलेली होती. बाकीच्या एकोणीस धड होत्या.

त्याला खरा रस होता तो ऑरेन टकेटमध्ये. ऑरेन आमचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, नदीपलीकडचा, केंटकीचा. वय एकतीस. चार वर्षांपूर्वी कोपराची शस्त्रक्रिया झाली, वेग ताशी ९४ मैलांवरून ८८ वर आला आणि मोठ्या संघानं त्याला सोडून दिलं. गेले दोन हिवाळे तो भावाबरोबर घरांची छपरं घालायचा आणि दुपारी धान्याच्या रिकाम्या कोठारात भिंतीवर चेंडू फेकायचा. या उन्हाळ्यात वेग हळूहळू चढला. प्रेस्कॉट इथं असतानाच, शनिवारी आठव्या डावात, फलकावर ९४.१ आलं. प्रेक्षक उभे राहिले. ऑरेननं मान वर करून फलकाकडे बघितलंसुद्धा नाही. पण दोन्ही बुटांची माती खरवडायला त्याला एरवीपेक्षा बराच जास्त वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी मर्लकाकांनी माझ्यासमोर फोन धरला. “घे. न्यूयॉर्कहून आहे. तुझ्याच पंथातली दिसते.”

पलीकडे एक बाई होती. “मी थीया लिंड. प्रेस्कॉटच्या लेखातलं प्रत्येक विधान तपासणं हे माझं काम. एकशे बावन्न प्रश्न आहेत. मर्ल डन्फी म्हणाले, नोंदी तुमच्याकडे असतात.”

“विचारा.”

“बसच्या डावीकडच्या तिसऱ्या खिडकीला चिकटपट्टी आहे का?”

“आहे.”

“छान. टकेट तळघरात राहतात?”

“हो. विल्मा बाउमगार्टनरांच्या. पण त्या तळघराला दार आहे, दोन मोठ्या खिडक्या आहेत, बाहेर टोमॅटोचे वाफे आहेत. घर उतारावर आहे.”

“‘खिडकी नसलेलं’ काढते. दुपारी पीनट बटर आणि पाव?”

“विल्माबाई असताना? त्यांच्या टेबलावर दुपारी दोन भाज्या नसल्या तर कोणीतरी मेलं असं समजायचं. ऑरेनचं मे महिन्यापासून पाच किलो वजन वाढलंय.”

कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. “‘कोपऱ्यात तांदळाची बादली, आठवड्याची बेगमी.’ हे?”

मला हसू आवरेना. “तो कच्चा तांदूळ आहे. पिचर लोक त्यात हात कोपरापर्यंत खुपसून मुठी वळतात. मनगटाचा व्यायाम. आमच्या लॉकरखोलीत अशा चार बादल्या आहेत.”

“म्हणजे कोणी खात नाही.”

“त्यात सगळ्या संघाचे हात जातात.”

“समजलं,” ती म्हणाली, आणि तिचाही आवाज जरा सैलावला. “आगगाडीची शिट्टी?”

“रूळच नाहीत. कोठाराचा सहाचा भोंगा ऐकला असेल.”

असं तासभर चाललं. मला ती फार आवडली. सामना कोण जिंकलं हेसुद्धा तिनं विचारलं. मग एकशे एक्केचाळिसाव्या प्रश्नाला ती थांबली.

“शेवटच्या भागात असं वाक्य आहे: ‘फलकावर ९४ आलं. अशा गावांतले फलक उदार असतात.’”

मी पेन वहीवर ठेवलं.

“मी प्रेस्कॉटना विचारलं, आधार काय. ते म्हणाले, छोट्या मैदानांवर प्रेक्षक खूश व्हावेत म्हणून वेग दोन-तीन मैल वाढवून दाखवतात, हे जगजाहीर आहे. इतर ठिकाणी असं सापडलेलंही आहे. प्रश्न तुमच्या मैदानाचा आहे.”

“आमची गन बरोबर आहे,” मी म्हणाले.

“शेवटची कधी तपासली?”

ही गन एका कॉलेजनं वापरून सोडलेली. तपासणीसाठी गनबरोबर एक नादकाटा येतो, ठरावीक सुरात वाजणारा धातूचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क); तो आमच्याकडे आला तेव्हाच हरवलेला होता. मी मेपासून रोज ती चालू करत होते, भिंगावरची धूळ पुसत होते, आकडे दशांशापर्यंत लिहून घेत होते. ती खरं सांगते का, हे मी कधीच बघितलं नव्हतं.

“कधीच नाही,” मी म्हणाले.

“ठीक आहे. गुरुवारी संध्याकाळी पाचला पानं बंद होतात. तोवर पुरावा मिळाला तर वाक्य काढेन. नाही तर राहील. शुक्रवारी लेख संकेतस्थळावर येतो.”

फोन ठेवल्यावर मी जिन्याच्या पायरीवर बसले. वाक्य नुसतं वाक्य असतं तर मी दोन शिव्या देऊन विसरून गेले असते. पण मेक्सिकोतल्या एका संघाला डावखुरा पिचर हवा होता. त्यांचा माणूस इथवर येणार नव्हता, ते चित्रफीत आणि वेगाचे तक्ते बघून ठरवत होते. शुक्रवारीच त्यांचं उत्तर यायचं होतं. ऑरेननं घरी कबूल केलं होतं की हा उन्हाळा शेवटचा. यंदा कोणी घेतलं नाही तर तो कायमचा छपरांवर जाणार. मेक्सिकोला गेलेले तक्ते सहा आठवड्यांचे होते, दोनशे चौदा फेकी, आणि प्रत्येक पानाखाली सही माझी होती.

माझ्या आईचा भाऊ, गसमामा, आमच्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा पोलीस डेप्युटी आहे. रस्त्यावर भरधाव गाड्या पकडायला त्याच्याकडेही स्पीडगन असते, आणि ती कोर्टात टिकावी म्हणून तिचा नादकाटा त्याला जिवापाड जपावा लागतो. मी त्याला फोन केला. तो दुपारी बाराला गाडी थेट मैदानाच्या दारात लावून, मखमली डबी हातात घेऊन उतरला.

“साखरपुडा आहे का कोणाचा?” मर्लकाका म्हणाले.

“गप रे मर्ल. हे हरवलं तर शेरीफ माझ्या खिशातनं भरून घेईल. डेला, काय करायचंय याचं?”

मी त्याला दाखवलं. स्पीडगन लहरी सोडते आणि परत आलेल्या लहरींत किती फरक पडला त्यावरून चेंडूचा वेग काढते. नादकाटा वाजवून तिच्यासमोर धरला की त्याची थरथर तिला धावत्या वस्तूसारखी वाटते. काट्यावर ३५ कोरलं होतं. म्हणजे गननं ३५.० दाखवायला हवं.

मी काटा बुटाच्या टाचेवर आपटला आणि समोर धरला.

३५.८.

परत. ३५.८. मी गन बंद केली, बॅटरी बदलली, सावलीत नेली, पाच मिनिटं थांबले. आणखी तीन वेळा ३५.८.

“पाऊण मैलच की,” गसमामा म्हणाला. “एवढ्यासाठी मी कोणाला दंड करत नाही.”

“ते पस्तिसाला. चौऱ्याण्णवला दोन मैल होतात.” मी वहीत भागाकार केला. ९४.१ चे ९२.० झाले. शस्त्रक्रियेनंतरचे ८८ दुसऱ्याच मैदानावर, दुसऱ्याच गननं मोजलेले होते. म्हणजे ऑरेनची दोन वर्षांची कमाई सहा मैल नव्हती, चार होती. आणि आमचा फलक खरंच उदार होता.

मर्लकाकांनी आजूबाजूला बघितलं. मैदानात गवत कापणाऱ्याशिवाय कोणी नव्हतं. “हे बघ पोरी. हे आपल्या तिघांना माहीत आहे. गस बोलणार नाही.”

“मी पोलीस आहे, मर्ल.”

“म्हणून तर म्हणतोय. डेला, त्या बाईला सांग तपासली, झालं. आकडा विचारला तर सांग, पस्तीस.”

“ती आकडा विचारणारच. आकड्याशिवाय ती दुसरं काही विचारतच नाही. आणि मेक्सिकोच्या तक्त्यांवर माझी सही आहे, काका.”

“सही, सही! त्या पोराचं आयुष्य आहे.”

“माहीत आहे मला.” माझा आवाज चढला होता. मर्लकाका टोपीनं वारा घेऊ लागले.

ऑरेन दीड वाजता आला. मी त्याला जाळीजवळ नेलं आणि सगळं सांगितलं: वाक्य, काटा, भागाकार. सांगून झाल्यावर त्यानं काटा मागितला, माझ्यासारखाच टाचेवर वाजवला, गनसमोर धरला आणि आकडा बघितला.

“ब्याण्णव,” तो म्हणाला.

“ब्याण्णव पूर्णांक शून्य.”

“ते पूर्णांक शून्य कशाला सांगतेस, प्रोफेसर? जखमेवर दशांश चिन्ह.” तो हसला, पण हसू ओठांच्या पुढं गेलं नाही. मग म्हणाला, “हाताला चौऱ्याण्णवसारखं वाटलं होतं. इतकी वर्षं फेकल्यावर हाताला कळतं, असं मला वाटायचं.”

“मी गुरुवारपर्यंत थांबते. अजून एकदा बघते.”

“बघ. पण निघालं तेच लिही. मला ब्याण्णववाला म्हणून कोणी घेतलं तर मी जाईन. चौऱ्याण्णवचा म्हणून जाऊन तिथं ब्याण्णव निघालो, तर पहिल्याच आठवड्यात परतीची बस.” मग तो बाहीनं कपाळ पुसत म्हणाला, “आणि त्या माणसाला माझी बस फारच आवडते.”

संध्याकाळचा सामना झाला. मी फलकाचा वेग बंद ठेवला. प्रेक्षकांना सांगितलं, तार ढिली आहे. त्या उन्हाळ्यात मी लोकांशी खोटं बोलले ते एवढंच.

बुधवारी सकाळी आईच्या स्वयंपाकघरात मी, मामानं एका रात्रीपुरता ठेवू दिलेला काटा घेऊन बसले होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई म्हणाली, तो चिमटा टेबलावरनं उचल, मला पीठ मळायचंय. मी काटा टाचेवर वाजवला आणि नुसती ऐकत राहिले. आवाज बारीक, उंच, डास कानाशी आल्यासारखा. मग मनात आलं, याचा सूर तरी मोजू. फोनवर आवाजाची कंपनं मोजायचं साधन होतं, कॉलेजात प्रयोगासाठी घेतलेलं. काटा फोनपाशी धरला. सेकंदाला ३७०५.

हा आकडा बरोबर की चूक, हे माझं मलाच माहीत नव्हतं. म्हणून कागदावर काढायला घेतलं: आमची गन, तिच्या लहरी ३४.७ गिगाहर्ट्‌झच्या, हे तिच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे. ताशी पस्तीस मैलांना किती कंपनं पडतील?

३६२२.

मी पुन्हा काढलं. ३६२२. काटा ३७०५ नं वाजत होता. म्हणजे काटा चूक होता, किंवा काटा बरोबर होता आणि तो दुसऱ्याच कुठल्या गनचा होता.

मी गसमामाला फोन लावला. “मामा, तुझ्या गनच्या लहरी किती?”

“काय किती?”

“गनच्या बुडाला चिठ्ठी असेल. आकडा वाच.”

“मी हमरस्त्यावर आहे, डेला. झुडपाआड आहे. कामावर आहे.”

“मामा!”

गाडीचं दार वाजलं. पुटपुटणं ऐकू आलं. “चष्मा… थांब. पस्तीस पूर्णांक पाच. गिगा काहीतरी.”

मी उभीच राहिले. पस्तीस गुणिले पस्तीस पूर्णांक पाच, भागिले चौतीस पूर्णांक सात. उत्तर वहीत लिहायच्या आधीच मला माहीत होतं. ३५.८.

दोन्ही गन एकाच जातीच्या, पण लहरी थोड्या वेगळ्या, आणि ज्या गनचा काटा त्याच गनला चालतो. पोलिसाचा काटा आमच्या गनसमोर धरला, तर आमची गन अगदी बिनचूक असेल तरच ३५.८ दाखवेल. काल पाच वेळा तिनं मला हेच सांगितलं होतं. मी काट्यावर कोरलेला आकडा वाचला आणि त्या आकड्यालाच माप समजले. पहिल्या वर्षाला आम्हाला हे शिकवलं होतं, आणि मी त्या वर्षी वर्गात पहिली आले होते.

“डेला?” मामाचा आवाज घाबरा होता. “म्हणजे माझी गन चूक आहे का? गेल्या वर्षी मी सहाशे लोकांना दंड केलाय. नोव्हेंबरात शेरीफची निवडणूक आहे.”

“तुझी गन बरोबर आहे, मामा. तिचा काटा तिला शोभतो. आमची गनही बरोबर आहे. फक्त मी तुझी बायको माझ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधली.”

“काय बोलतेस हे!”

आईनं कणकेचा हात वर धरून माझ्याकडे बघितलं. मी हसत होते, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. आईनं विचारलं, कोण मेलं? मी म्हणाले, कोणी नाही, कोणीच नाही.

विल्माबाईंच्या घरी फोन केला तर त्यांनीच उचलला. “तो जेवतोय,” त्या म्हणाल्या. “कालपासून पहिल्यांदा जेवतोय. वाईट बातमी असली तर अर्ध्या तासानं कर.”

“चांगली आहे.”

“मग देते. पण ताटलीतला ॲपल पाय संपवल्याशिवाय टेबलावरनं उठायचं नाही, सांग त्याला.”

ऑरेन फोनवर आला. मी सांगितलं.

“म्हणजे हाताला कळलं होतं,” तो म्हणाला.

“कळलं होतं.”

“चौऱ्याण्णव.”

“पूर्णांक एक.”

“हां. आता सांग दशांश, हवे तेवढे सांग.” मग त्याचा आवाज तोंडापासून दूर गेला, “विल्माबाई, दुसरा तुकडाही वाढा,” आणि मागून त्यांचा आवाज आला, “आधी पहिला संपव, मग ऐट कर.”

थीयाला मी दहा वाजता फोन केला आणि कंपनं, लहरी, भागाकार, मेक्सिकोचा संघ, सगळं ओळीनं सांगितलं. तिनं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, “सुंदर आहे. मला पटलं.”

“मग वाक्य निघालं?”

“नाही. हे गणित तुमचं आहे, आणि तुम्ही त्या संघाच्या नोकरीत आहात. मला मोजमाप हवं. तुमच्याच गनला शोभणारा काटा, आणि तो तुमच्या मालकीचा नसलेला.”

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मला राग आला असता. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, म्हणून आला नाही.

“प्रेस्कॉट काय म्हणाले?” मी विचारलं.

“काल तांदळाचं ऐकून त्यांनी आधी स्वतःची वही चाळली. मग म्हणाले, मी भांडी घासताना तरी विचारायला हवं होतं. पीनट बटर गेलं, तळघराला खिडक्या आल्या, टोमॅटो आले. लेख बाराशे शब्दांनी कमी झालाय. ते आता विल्माबाईंवर भर घालतायत. ते उदार फलकाचं वाक्य मात्र त्यांना फार प्रिय आहे. पण निघालं तर बरं वाटेल, असंही म्हणाले. शनिवारी तेही उभे राहिले होते म्हणे.”

हे मला माहीत नव्हतं. शनिवारी मी फलकाकडे बघत होते.

योग्य काटा गसमामानं शोधला. पलीकडच्या काउंटीच्या गन ३४.७ च्या होत्या. पण तिथल्या डेप्युटी बर्निस क्रुगर यांनी काटा द्यायला साफ नकार दिला. काटा कोर्टाच्या नोंदीतला आहे, तो माझ्या हाताबाहेर जाणार नाही, हवं तर मी त्याच्याबरोबर येते, असं त्यांनी कळवलं. गुरुवारी दुपारी पावणेतीनला त्या आल्या. गणवेश कडक इस्त्रीचा, काट्याचा डबा साखळीनं पट्ट्याला बांधलेला.

“एवढं तर मीसुद्धा करत नाही,” गसमामा म्हणाला.

“म्हणून तुमचे काटे लोकांच्या स्वयंपाकघरात सापडतात,” बर्निसबाई म्हणाल्या.

मर्लकाकांनी त्यांच्यासाठी खुर्ची आणली, लिंबाचं सरबत आणलं, आणि दोन्ही नाकारली गेल्यावर ती स्वतः वापरली. ऑरेन पिचरच्या उंचवट्यावरून सावकाश चालत आला. हातमोजा काखेत, डावा हात अजून तांदळानं पांढरट. माझ्या फोनवर थीया होती, आवाज मोठा केलेला.

“काट्यावर काय कोरलंय ते डेप्युटी क्रुगर यांनी वाचावं,” थीया म्हणाली. “तुम्ही नको, डेला.”

“ताशी पस्तीस मैल,” बर्निसबाईंनी वाचलं. “चौतीस पूर्णांक सात. आणि क्रमांक.” त्यांनी क्रमांक सांगितला, थीयानं तो परत म्हणून दाखवला.

“आता वाजवा.”

“पस्तीस आलं तर काय?” ऑरेननं फोनकडे वाकून विचारलं. “माफ करा बाई, मी टकेट. तो बादलीवाला.”

“पस्तीस आलं तर वाक्य जातं, मिस्टर टकेट, आणि त्या जागी नुसतं ‘९४.१’ छापलं जातं. मेक्सिकोला प्रत पाठवायची असेल तर तपासणीचं पत्र मी माझ्या सहीनं देईन.”

“आणि नाही आलं तर?”

“तर जे येईल ते.”

“हेच हिचंही म्हणणं असतं,” ऑरेन माझ्याकडे मान वळवून म्हणाला. “तुम्ही दोघी एकाच शाळेतल्या का?”

“बोलू नका,” बर्निसबाई म्हणाल्या. त्यांनी काटा रबरी ठोकळ्यावर वाजवला आणि हात ताठ ठेवून गनसमोर धरला. थीयाच्या सांगण्यावरून तीनदा. आकडे ऑरेननं वाचले, मी लिहिले.

३५.०. ३५.०. ३५.०.